संगीतकारांचे दिनविशेष आणि जन्मतारखेचा प्रश्न

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या दोन स्थानकांच्या मध्ये खुटबाव हे लहानसे स्थानक आहे. गाव दौंड तालुक्यातले. तेथून जवळच, शिरूरकडून येणारा रस्ता सोलापूरच्या हमरस्त्यास जेथे छेदतो, ते चौफुला हे ठिकाण संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. लोकसंगीताचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या टापूत आज खिशातल्या दूरध्वनीवर सकाळी सकाळी "आज या संगीतकाराचा जन्मदिन", "आज त्या ध्वनिमुद्रिकेस पन्नास वर्षे पूर्ण" अशा वार्ता येऊन पडतात. त्यांतील पुष्कळशा पाश्चात्त्य रॉक संगीताच्या असतात. अमेरिकेतील एखाद्या गिटारवादकाचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे खुटबावच्या तरुणास क्षणार्धात समजते. परंतु चौफुल्याच्या रंगमंचावर चाळीस वर्षे गायिलेल्या बाईंचा जन्म केव्हाचा, हे बहुधा त्या बाईंसही सांगता येत नाही. या विसंगतीचे कारण शोधू लागले म्हणजे दिनविशेष नावाचा हा वरवर क्षुल्लक भासणारा प्रकार कसा घडतो, त्यातील तारखा येतात कोठून आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे प्रश्न ओघानेच पुढे येतात.

दैनंदिन दिनविशेष ही मुळात नभोवाणीची आणि वृत्तपत्राची गरज होय. नभोवाणीस रोज काही तासांचा कार्यक्रम भरावा लागतो आणि जुनी तबकडी पुन्हा लावण्यास निमित्त हवे असते. जन्मदिन किंवा स्मृतिदिन हे निमित्त फुकट पुरवितो. रॉक संगीताने हा प्रकार पराकोटीस नेला. या संगीताचा जन्मच ध्वनिमुद्रिकेच्या व्यापारात झालेला आहे. बिल हेली याने 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गीत १२ एप्रिल १९५४ रोजी मुद्रित केले, एल्विस प्रेस्ली याने आपले पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण ५ जुलै १९५४ रोजी मेंफिस येथे केले, या गोष्टी दिवसानिशी ठाऊक आहेत, कारण ध्वनिमुद्रणाच्या जागेस भाडे पडते, वादकांस दिवसाचे पैसे द्यावे लागतात आणि त्यांचा हिशेब ठेवावाच लागतो. जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईस आला आणि फोर्ट भागातील एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून त्याने वादन मुद्रित करून घेतले. तेही असेच दिवसवार नोंदलेले आहे. थोडक्यात, रॉकच्या दिनविशेषामागे चाहत्यांची भक्ती जेवढी आहे तेवढीच कारकुनी आहे.

या तारखांची संख्या वाढली की त्यांच्यात योगायोग दिसू लागतात आणि वाचकास त्यांचीच गोडी लागते. जिमी हेंड्रिक्स (मृत्यू १८ सप्टेंबर १९७०), जॅनिस जॉप्लिन (४ ऑक्टोबर १९७०) आणि जिम मॉरिसन (३ जुलै १९७१) हे तिघेही वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेले, यावरून एक दंतकथाच उभी राहिली. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान कोसळून बडी हॉली व त्याचे सोबती मृत्यू पावले. त्या दिवसास आज जे नाव आहे ते मात्र डॉन मॅक्लीन याच्या 'अमेरिकन पाय' या १९७१ च्या गीतामुळे पडले, म्हणजे घटनेनंतर बारा वर्षांनी. दिनविशेष केवळ घडलेले नोंदवीत नाही. कोणता दिवस स्मरणयोग्य हे तो मागाहून ठरवितो. महाराष्ट्रातही निराळे घडले नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या दिवशी आपण पुढे 'मराठी रंगभूमी दिन' होणार आहोत याची कल्पना कोणास असणार?

तथापि इतकी कारकुनी असूनही या तारखा निर्दोष नाहीत. जॉर्ज हॅरिसनचा वाढदिवस जन्मभर २५ फेब्रुवारी १९४३ या तारखेने साजरा झाला. उत्तरायुष्यात तो स्वतःच सांगू लागला की आपला जन्म २४ तारखेस, मध्यरात्रीच्या काही मिनिटे आधी झाला. कर्ट कोबेन याचा मृतदेह ८ एप्रिल १९९४ रोजी सापडला. त्याची म्हणून पाळली जाणारी ५ एप्रिल ही तारीख तपासनिसांचे अनुमान आहे. जॉन लेनन यास न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबर १९८० च्या रात्री अकराच्या सुमारास गोळ्या घातल्या गेल्या. भारतात त्या वेळी ९ डिसेंबरची सकाळ होऊन साडेनऊ वाजत आले होते. भारतीय वृत्तपत्राने लेननचा स्मृतिदिन कोणत्या दिवशी छापावा? सगळे ८ तारखेस छापतात, आणि ते योग्यच आहे, कारण मृत्यूची तारीख मृत्यूच्या स्थळाची धरावयाची असते. पण मग हाच नियम परदेशी निवर्तलेल्या भारतीय कलावंतांसही लावला पाहिजे. पंडित रविशंकर यांचे निधन ११ डिसेंबर २०१२ रोजी कॅलिफोर्नियात झाले. ते वृत्त येथे बारा तारखेस पोचले, म्हणून काही ठिकाणी बारा तारीख लागते, ती चूक होय.

रॉक ज्या मुळांतून वाढले त्या कृष्णवर्णीयांच्या संगीताकडे वळले की चित्र एकदम पालटते, आणि ते आपल्याकडील चित्राशी विलक्षण जुळू लागते. ब्लूज गाणारा रॉबर्ट जॉन्सन १६ ऑगस्ट १९३८ रोजी मिसिसिपीत मरण पावला. ही तारीख कळली ती १९६८ साली, एका संशोधकाने त्याचा मृत्यूचा दाखला शोधून काढला तेव्हा. त्याची जन्मतारीख ८ मे १९११ अशी देतात, पण ती संभाव्य म्हणूनच. (योगायोग असा की एल्विस प्रेस्लीचा मृत्यूही १६ ऑगस्टचाच, १९७७ सालचा, दिनविशेषात दोघे शेजारी येतात, पण एकाच्या जन्मनोंदीविषयी शंका नाही आणि दुसऱ्याच्या जन्माविषयी चर्चा संपत नाही.) लुई आर्मस्ट्राँग याचे उदाहरण तर बोधप्रद आहे. तो आपला जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, असे सांगे आणि जगाने ते मानले. १९७१ साली तो वारला. त्यानंतर काही वर्षांनी न्यू ऑर्लीन्समधील एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा असल्याचे आढळले. गरिबाघरच्या मुलास जन्मतारीख नसे. मोठेपणी ती लागे, म्हणून तो सोयीची आणि लक्षात राहील अशी एक निवडी. यात लबाडी कोठेही नाही.

आता मराठी संगीताकडे यावे. येथे मुख्य भेद असा की आपल्या परंपरेत स्मरणाचा दिवस जन्माचा नसून मृत्यूचा असे, आणि तो तारखेने नव्हे तर तिथीने मोजला जाई. हे सहेतुक होते. गवई जन्मतो तेव्हा तो गवई नसतो. त्याच्या जन्माची वार्ता घराबाहेर जाण्याचे कारणच नसते. तो मरतो तेव्हा मात्र त्याच्याभोवती शिष्य असतात, पुढील वर्षी ते श्राद्धासाठी एकत्र येतात आणि गुरूपुढे गावे तसे गातात. सुफी परंपरेतील उरूस या शब्दाचा मूळ अर्थ विवाहसोहळा असा आहे. संताच्या मृत्यूस ईश्वराशी झालेले मीलन मानून तो दिवस उत्सवाचा ठरतो. अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडून पाँडिचेरीस जात असताना वाटेत अस्वस्थ वाटू लागल्याने सिंगपेरुमाळ कोइल या खुटबावसारख्याच लहान स्थानकावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्यांचे दफन मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होऊ लागली. हिजरी वर्ष ग्रेगोरियन वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने असा उरूस ऋतूंमधून फिरत राहतो. म्हणजे एकाच गवयाची आठवण एका गणनेने ऑक्टोबरात आणि दुसरीने वर्षाच्या कोणत्याही महिन्यात येऊ शकते.

सवाई गंधर्व यांचे निधन १२ सप्टेंबर १९५२ रोजी झाले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. पुण्यातील हा महोत्सव डिसेंबरात होतो. मृत्यूचा महिना निराळा, स्मरणाचा निराळा, आणि रसिकांच्या मनात मात्र आता डिसेंबर हाच सवाई गंधर्वांचा महिना झाला आहे. स्मरणाचा दिवस लोकांच्या सोयीने सरकतो. रॉकच्या कारकुनी दिनविशेषास हे कदापि मानवणार नाही.

तिथी आणि तारीख यांचा संबंध येथे थोडा उलगडून सांगणे अवश्य आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सौरवर्षाशी पडणारी तूट भरून काढण्यासाठी साधारणतः साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो, आणि एकोणीस वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा जवळजवळ जुळतात. याचे सुंदर उदाहरण 'गीतरामायणा'चे आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या केंद्रावरून ग. दि. माडगूळकर यांनी रचलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले हे गीतचक्र १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, प्रसृत होऊ लागले आणि १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीस, संपले. मध्ये अधिक भाद्रपद आल्यामुळे या दोन रामनवम्यांत ३८४ दिवसांचे अंतर पडले. म्हणून आठवड्यास एक या हिशेबाने बावन्न गीतांवर न थांबता संख्या छप्पन झाली. पंचांगातील एका महिन्याने मराठी भाषेस चार गीते अधिक दिली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 'गीतरामायणा'चा वाढदिवस १ एप्रिलला करावा की रामनवमीस, असा प्रश्न दरवर्षी पडतो. क्वचित दोन्ही एकत्र येतात, जसे ते १ एप्रिल २०१२ रोजी आले.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, गोकुळाष्टमीचा. मृत्यू १९ सप्टेंबर १९३६ चा, गणेश चतुर्थीचा. पंचांग मागे मोजून पाहिले असता दोन्ही जोड्या बरोबर जुळतात. मात्र तिथी पाळावयाची ठरविल्यास या थोर शास्त्रकाराची जयंती दहीहंडीच्या गजरात आणि पुण्यतिथी गणपतीच्या आगमनात सापडते. त्या दोन दिवशी संगीतशास्त्राचे स्मरण करण्यास महाराष्ट्रात कोणास उसंत असते? भातखंड्यांना तारखेने वाचविले असेच म्हणावे लागेल. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे, श्रावणी पौर्णिमेस झाला आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस ते निवर्तले. सुधीर फडके यांच्या बाबतीत २५ जुलै (१९१९) आणि २९ जुलै (२००२) असेच निकट येतात. अशा कलावंतांची जयंती व पुण्यतिथी एकाच लेखात उरकण्याची सोय संपादकांना होते, एवढाच त्याचा अर्थ.

तिथीचा खरा उपयोग वेगळाच आहे. ती तारखेची साक्ष काढण्यास उपयोगी पडते. भीमसेन जोशी यांची जन्मतारीख निरनिराळ्या ग्रंथांत ४ फेब्रुवारी १९२२ अशीही मिळते आणि १४ फेब्रुवारी १९२२ अशीही मिळते. त्यांचा जन्म रथसप्तमीचा, असे सांगण्यात येते. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चंद्र शुक्ल पक्षाच्या सप्तमीच्या सुमारास होता. १४ तारखेस पौर्णिमा होऊन कृष्ण पक्ष लागलेला होता. तेव्हा तिथीची आठवण खरी धरल्यास चौदा तारीख टिकत नाही. ही चूक कशी झाली असावी हेही उघड आहे: लिहिताना किंवा छापताना आकड्यामागे एक चढला. कागदावरील आकडा चुकू शकतो. "रथसप्तमीला झाला" हे घरातील वाक्य सहसा चुकत नाही, कारण त्या दिवशी अंगणात दूध उतू घालण्याची आठवण त्याला चिकटलेली असते. अशिक्षितांची स्मृती अविश्वसनीय आणि छापील अक्षर विश्वसनीय, हा समज संशोधकाने सोडावा तो येथे.

खुटबावच्या परिसराकडे आता पुन्हा वळता येईल. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया, ढोलकी व पेटी वाजविणारे साथीदार, तसेच यात्रेजत्रेतून हिंडणाऱ्या ढोलकी-फडाच्या तमाशातील मंडळी यांचा दिनविशेष कोणी करू म्हटल्यास त्यास काय सापडेल? ज्यांची कीर्ती राज्यभर झाली त्यांच्यापासून आरंभ करावा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे निधन १५ जानेवारी २००२ रोजी झाले. ही तारीख निश्चित आहे. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांचा जन्म मात्र "जुलै १९३५, पंढरपूर" एवढाच प्रायः दिला जातो; महिना आहे, दिवस नाही. जुलैत पंढरपूर म्हटल्यावर आषाढीची वारी डोळ्यापुढे येते, आणि तमाशाचे फड त्या काळात तेथे असणे स्वाभाविक. पण यापुढे जाऊन एकादशीच्याच दिवशी जन्म झाला असे लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे. संगीतबारीच्या परंपरेतील श्रेष्ठ गायिका, वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची तारीख ३१ डिसेंबर १९१५ अशी मिळते. त्या १५ मे २०१८ रोजी, शंभरी ओलांडून, निवर्तल्या. ३१ डिसेंबरला माणसे जन्मत नाहीत असे नव्हे. परंतु वर्षाच्या अखेरच्या दिवशी पडलेली तारीख दिसली की ती नोंद कोणी व केव्हा केली, हे विचारण्याची सवय संशोधकास असावी.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या शंकेस एक ठळक आधार आहे, तो म्हणजे १ जून. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मुलास घेऊन आलेल्या बापास जन्मतारीख सांगता येत नसे. मास्तर मुलाच्या अंगलोटाकडे पाहून, किंवा त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानास लावावयास सांगून, वयाचा अंदाज करीत आणि प्रवेशास पुरेल असे साल धरून रजिस्टरात "१ जून" लिहीत. खेड्यापाड्यांतील एका पिढीचा वाढदिवस अशा रीतीने एकाच दिवशी येतो. शाळेत गेलेल्यांस निदान १ जून तरी मिळाला. फडाबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मुलींस तोही मिळाला नाही. आज या गावी, उद्या त्या गावी मुक्काम असल्यावर कोणत्या शाळेचे रजिस्टर त्यांना आपले म्हणणार?

शासकीय नोंद होती, नाही असे नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ सालचा आहे. त्यापूर्वी गावपातळीवर जन्ममृत्यूची टिपणे ठेवली जात आणि ती 'कोतवाल बुक' या नावाने आजही तहसील कचेऱ्यांत जपलेली आढळतात. जुनी पाने बहुधा मोडीत असतात. त्यांत बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी आणि दिवस येतो. मुलाचे नाव बहुधा येत नाही, कारण बारसे व्हायचे असते. एखाद्या कलावंतीण घराण्यातील मुलीचा शोध अशा पुस्तकात घेऊ गेल्यास पहिली अडचण गावाची (जन्म ज्या मुक्कामी झाला तेथील पुस्तक पाहावे लागणार) आणि दुसरी बापाच्या रकान्याची. जेथे घराचे नाव आईकडून चालत येते, त्या घरातील मूल बापाच्या नावाने शोधून सापडावे कसे? नोंद आहे, पण ती त्या व्यक्तीपर्यंत पोचत नाही. रॉबर्ट जॉन्सनच्या जन्माचा गुंता याहून फार वेगळा नव्हता. त्याचीही बाल्यावस्था एका घरातून दुसऱ्या घरात आणि एका आडनावातून दुसऱ्या आडनावात गेली होती.

हा प्रश्न केवळ चरित्रकोशाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. तीत वयाची अट आहे आणि वयाचा पुरावा अर्जास जोडावा लागतो. ज्या बाईचे गाणे परिसरातील तीन पिढ्यांनी ऐकले तिला आपण म्हातारे आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते. पायांतले चाळ उतरल्यावर मिळकत थांबते. मानधनाचे वय केव्हा झाले हे मात्र कोणत्या तरी शिबिरात अंदाजाने लिहिलेल्या ओळखपत्रावरील सालावर अवलंबून राहते. त्या सालात पाच वर्षांची चूक असली तर पाच वर्षांचे मानधन बुडते. दिनविशेषातील रिकामा रकाना आणि अर्जातील रिकामा रकाना हे दोन नव्हेत, एकच आहेत.

अशा व्यक्तींच्या जन्मकाळाचा अंदाज शास्त्रीय पद्धतीने करता येतो. जनगणनेच्या कामात तिचा अवलंब होत आलेला आहे: सर्वांस ठाऊक असलेल्या घटनांची स्थानिक सारणी तयार करावयाची आणि व्यक्तीस त्या घटनांच्या मागेपुढे बसवावयाचे. दौंड-शिरूर भागासाठी अशी सारणी सहज होते. ३० जानेवारी १९४८ ची गांधीहत्या व त्यानंतरची जाळपोळ, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ व रस्त्यांवर निघालेली खडी फोडण्याची कामे. यांनी साल मिळते. दिवस मिळण्यासाठी या टापूपाशी एक दुर्मीळ साधन आहे. संत तुकारामांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघते आणि सोलापूर रस्त्याने पुढे जाताना यवत व वरवंड येथे मुक्काम करते. आजच्या क्रमाप्रमाणे ती यवतेस ज्येष्ठ वद्य द्वादशीच्या आसपास असते. ज्या समाजाने स्वतःची तारीख ठेवली नाही त्याने पालखीचा मुक्काम विसरलेला नाही.

समजा, एखाद्या गायिकेची आई सांगे की पोर झाली तेव्हा पालखी यवतेला होती आणि पालखी पुढे गेली तोच पुण्यात धरणाचे पाणी शिरल्याची बातमी आली. पुराची तारीख १२ जुलै १९६१. त्या दिवशी ज्येष्ठाची अमावास्या होती. द्वादशी त्याआधी तीन दिवस, म्हणजे ९ जुलैच्या सुमारास. पालखीचा मुक्काम त्या वर्षी एखाद्या दिवसाने मागेपुढे झाला असे धरले तरी जन्म ८ ते १० जुलै १९६१ या तीन दिवसांत बसतो. एका निरक्षर बाईच्या एका वाक्यावरून काढलेले हे अनुमान कर्ट कोबेनच्या मृत्यूच्या अनुमानाइतकेच काटेकोर आहे. फरक असा की त्या अनुमानावर तपासनिसाची सही होती.

संगीतकाराच्या मृत्यूच्या वर्षास आणखी एका कारणाने महत्त्व आहे. भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या व स्वररचनाकाराच्या कृतीवरील स्वामित्व त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून साठ वर्षे चालते. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती, ती १९९२ साली वाढविण्यात आली. ग. दि. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी निवर्तले. त्यांच्या काव्यावरील स्वामित्व २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. ज्या लावणीचा कर्ता ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याचे मृत्युवर्ष कोणी लिहून ठेवले नाही, ती कोणाचीच नाही असे समजून ध्वनिमुद्रिकांचे व्यापारी ती वापरीत आले आहेत. तारीख ही मालमत्तेची कडी असते हे रॉक संगीताच्या व्यापाऱ्यांनी फार लवकर ओळखले; प्रत्येक पन्नासाव्या वर्षी जुनी ध्वनिमुद्रिका नव्या वेष्टनात विकणे हा त्यांचा नित्याचा उद्योग आहे.

रॉक आणि मराठी मुलूख यांची गाठ घालून देणारे एक नाव येथे टाळता येत नाही. फर्रुख बलसारा, जो पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगप्रसिद्ध झाला, त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. त्याचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि 'हेक्टिक्स' या नावाचा त्याचा पहिला वाद्यवृंद तेथेच जमला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले. पाचगणीहून वाई कितीशी दूर! घाट उतरला की वाई. एका बाजूस वसतिगृहाच्या शाळेत पियानो शिकणारा मुलगा आणि घाटाखाली, त्याच वर्षांत, ऐन उमेदीत गाणाऱ्या यमुनाबाई. पहिल्याचा जन्मदिन पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पाळतात. यमुनाबाईंना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली, म्हणून त्यांची निदान एक तारीख कागदावर आली.

१९७३ पासून 'कालनिर्णय' घराघरांत लागले आणि तिथी व तारीख एकाच चौकटीत पाहण्याची सवय मराठी माणसास झाली. त्या चौकटीत जयंत्या-पुण्यतिथ्यांस जागा असते. दौंड-शिरूर परिसरातील लोककलावंतांसाठी अशी एखादी सारणी करावयाची झाल्यास तीत प्रत्येक तारखेपुढे ती कोठून आली हे लिहिणे आवश्यक ठरेल. कोतवाल बुकातील तारखेपुढे तसे लिहावे. शाळेच्या रजिस्टरातील १ जूनपुढे "शाळेची नोंद" असे लिहावे. घरच्यांनी सांगितलेली तिथी तिथीच्याच रूपात ठेवून शेजारी काढलेली तारीख कंसात द्यावी. आणि पालखी किंवा पूर यांवरून बांधलेले अनुमान "सुमारे" या शब्दासह नोंदवावे. मृत्यूची तारीख मात्र आता ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मिळते, ती प्रथम मिळवावी. ज्यांचा जन्म कोणत्याच मार्गाने ठरत नाही त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा फडात उभे राहिल्याचा हंगाम, गुरूचे किंवा मालकिणीचे नाव आणि जत्रेचे गाव टिपले तरी पुष्कळ होते. कारण ती जत्रा तिथीने भरते, आणि तिथीवरून तारीख काढता येते. हयात असलेल्या वृद्ध कलावतींकडे हे काम आधी जावयास हवे, आणि जाताना पंचांगाची जुनी प्रत व घटनांची सारणी बरोबर असावी, प्रश्न "तुमची जन्मतारीख काय?" असा न विचारता "तुम्ही झालात तेव्हा गावात काय चालले होते, असे आई सांगे?" असा विचारावा.